रेकॉर्डवरचा कुठला ओरखडा बोलतो

मागच्या चवथीच्या आधी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात जुन्या सामानाच्या ढिगात मला नाट्यसंगीताच्या दोन एलपी, म्हणजे प्लास्टिकच्या मोठ्या रेकॉर्ड, मिळाल्या. एक चकचकीत, आरशासारखी. दुसरी बघूनच परत ठेवावीशी वाटेल अशी, सगळीकडे केसासारख्या बारीक रेषा, कव्हरचा एक कोपरा उंदराने खाल्लेला. विकणारे काका म्हणाले, "ती चकचकीत घ्या, दुसरीत काय राम नाय." मी दोन्ही घेतल्या, आणि घरी फोंड्याला येऊन लावल्यावर चकचकीत रेकॉर्ड वरच्या पट्टीतल्या प्रत्येक तानेला फाटल्यासारखी वाजली आणि ती रेषांनी भरलेली अगदी स्वच्छ गायली!

असं का होतं हे समजायचं तर सुई नेमकी कुठे चालते ते बघायला हवं. रेकॉर्डवरची खाच इंग्रजी व्ही अक्षरासारखी असते, रुंदी साधारण केसाएवढी, आणि सुई तिच्या तळाला टेकत नाही की वरच्या कडेलाही नाही, ती दोन्ही भिंतींना मधोमध कुठेतरी चिकटून सरकते. आवाज त्या भिंतींच्या वळणात कोरलेला असतो. कागदी पाकिटातून रेकॉर्ड आतबाहेर करताना ज्या बारीक रेषा पडतात त्या बहुतेक दोन खाचांमधल्या सपाट भागावर आणि कडांवर असतात, तिथे सुई जातच नाही. डोळ्याला त्या लगेच दिसतात, कानाला त्यांचा काहीच पत्ता नसतो.

खरं नुकसान खाचेच्या आत होतं. सुईवर पडणारं वजन दोन ग्रॅमच्या आसपास, म्हणजे एका मोठ्या काजूगराएवढं, पण ते टेकतं एवढ्याशा टोकावर की तिथला दाब दर चौरस सेंटीमीटरला हजार किलोच्याही वर जातो. सुई चांगली असेल तर प्लास्टिक हा दाब झेलतं, क्षणभर दबतं आणि परत जागेवर येतं. पण सुई झिजलेली असेल, किंवा सुई धरणारा प्लेअरचा दांडा जड व्हावा म्हणून कोणी त्यावर नाणं चिकटवलं असेल (आपल्याकडे हे खूप घरांत व्हायचं), तर ती भिंतीची बारीक वळणं तासून टाकते. बारीक वळणं म्हणजे उंच स्वर, सतारीचा टणत्कार, 'स' आणि 'श' ही अक्षरं. एकदा गेली की कितीही धुवा, परत येत नाहीत. आणि वरून रेकॉर्ड चमकत राहते.

म्हणून मी आता पहिल्यांदा बाजूचं शेवटचं गाणं ऐकतो, पहिलं नाही. रेकॉर्ड एकाच गतीने फिरते, तीन मिनिटांत बरोबर १०० फेरे, पण बाहेरचा घेर मोठा आणि आतला लहान, त्यामुळे बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला ५० सेंटीमीटर खाच जाते आणि लेबलजवळ फक्त २१-२२. म्हणजे तेवढाच आवाज निम्म्याहून कमी जागेत कोंबलेला. झीज झाली असेल तर ती तिथे आधी ऐकू येते. विकणारा ऐकवायला तयार असेल तर त्याला सांगा, दादा, शेवटचं लावा.

आडवा ओरखडा मात्र बोलतो, आणि घड्याळासारखा बोलतो. १०० फेऱ्यांना १८० सेकंद म्हणजे एका फेऱ्याला १.८ सेकंद, त्यामुळे खाचांना आडवा छेदणारा ओरखडा दर १.८ सेकंदांनी 'टक' करतो. टक टक अशी ठरलेल्या वेळाने आली तर ओरखडा समजायचा, वेळी-अवेळी चुरचुर आली तर धूळ किंवा बुरशी, आणि ती धुतली की जाते. हा फरक कळला तर लोक टाकून देतात अशा कितीतरी रेकॉर्ड वाचतील असं मला मनापासून वाटतं.

ग्रेडिंगची, म्हणजे जुन्या रेकॉर्डची अवस्था ठरवायची, जी पद्धत जगभर चालते ती गोल्डमाइन नावाच्या अमेरिकन मासिकाची. वरपासून मिंट, नियर मिंट, व्हेरी गुड प्लस, व्हेरी गुड, मग गुड आणि शेवटी पुअर. यातलं 'गुड' वाचून फसू नका, त्याचा अर्थ रेकॉर्ड न अडकता शेवटपर्यंत वाजते एवढाच, खरखर भरपूर असणार. कव्हरची ग्रेड वेगळी लिहायची असते. मी एकदा ऑनलाइन 'नियर मिंट' म्हणून पैसे मोजून रेकॉर्ड मागवली, ती दिसायला खरंच तशी होती, पण विकणाऱ्याने ती वाजवलीच नव्हती. तेव्हापासून नुसती बघून दिलेली ग्रेड आणि ऐकून दिलेली ग्रेड या दोन गोष्टी मी वेगळ्या धरतो, आणि विकणाऱ्याला सरळ विचारतो की वाजवून बघितली का.

आपल्या गोव्यात यात पावसाची भर. जुलैत घरातला ओलावा ८०-९० टक्क्यांवर, कपाटातली चप्पल पांढरी होते तिथे रेकॉर्ड कशी सुटणार. बुरशी प्लास्टिकवर जगत नाही म्हणा, ती जगते बोटांच्या तेलावर, धुळीवर आणि कव्हरच्या खळीवर, पण तिचे धागे खाचेत उतरतात. एक फायदाही आहे, दमट हवेत स्थिर वीज साठत नाही, त्यामुळे डिसेंबरच्या कोरड्या दिवसांत रेकॉर्ड जी धूळ ओढून घेते ती पावसाळ्यात कमी ओढते. धुवायला डिस्टिल्ड पाणी, त्यात भांड्याच्या लिक्विडचे दोन थेंब, मऊ ब्रश, आणि हात खाचेच्या दिशेनेच गोल फिरवायचा. विहिरीचं पाणी नको, सुकल्यावर क्षार आतच राहतात. रेकॉर्ड उभ्या ठेवा आणि उन्हात उभ्या केलेल्या गाडीत कधीच विसरू नका, वाकलेली रेकॉर्ड परत सरळ करणं फार कठीण.

आणि मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या जाड तबकड्यांना स्पिरिट लावू नका. त्या प्लास्टिकच्या नाहीत, लाखेच्या आहेत, किड्यांनी झाडावर केलेली तीच लाख जी सावंतवाडीच्या खेळण्यांवर चढवतात, आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. मी मामाच्या घरची एक तबकडी अशीच पुसली, कापसावर काळा रंग आला तेव्हा थांबलो, पण तेवढा पट्टा कायमचा मुका झाला. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

आपल्या केरी गावच्या गायिका केसरबाई केरकरांची भैरवी १९७७ साली अमेरिकेच्या व्हॉयेजर अंतराळयानांवर गेली ती तांब्याच्या, सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीवर, सोबत सुई आणि ती बसवायचं काट्रिज पण दिलंय. ती एलपीच्या निम्म्या गतीने फिरवायची, १०० फेऱ्यांना सहा मिनिटं. तिथे ना बुरशी ना बोटांचं तेल.

म्हापशाच्या त्या रेषांवाल्या रेकॉर्डच्या पाकिटावर मी पेन्सिलने लिहिलंय, 'तबकडी व्हेरी गुड प्लस, वाजवून. कव्हर पुअर, उंदीर. दुसऱ्या बाजूला तिसऱ्या पदात चार टक.'