पेट्रोलचे भाव आणि पर्यायांची धरसोड

राज्यात पेट्रोल सगळ्यात महाग कुठे, असा विषय निघाला की बातम्यांत हमखास परभणीचं नाव येतं. टँकर लांबून, मनमाडजवळच्या पानेवाडी डेपोतून येतो आणि वाहतुकीचा खर्च लिटरमागे चढतो. गंमत अशी की पेट्रोलला पर्याय शोधण्याची एक सुरुवातही मनमाडलाच झाली. २००१ मध्ये इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल विकण्याचा प्रयोग मनमाड, मिरज आणि उत्तर प्रदेशात बरेली इथे झाला. त्याला आता दोन तपं होऊन गेली.

दरवाढीवरचा संताप त्याहून जुना. १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धानंतर तेल भडकलं आणि त्या नोव्हेंबरात अटलबिहारी वाजपेयी बैलगाडीतून संसदेत गेले. तेव्हापासून बैलगाडी मोर्चा हा विरोधकांचा ठरलेला कार्यक्रम आहे. गाडीत बसणारा पक्ष तेवढा बदलतो.

तेव्हा दर सरकार ठरवायचं. पेट्रोलचे भाव जून २०१० मध्ये बाजारावर सोडले, डिझेलचे ऑक्टोबर २०१४ मध्ये. जून २०१७ पासून दर रोज बदलू लागला. कच्चं तेल उतरलं की पंपावरही उतरेल, असा त्याचा अर्थ लोकांनी घेतला होता. पण २०१४ नंतर तेल स्वस्त झालं तसं केंद्राने उत्पादन शुल्क चढवत नेलं. पेट्रोलवर लिटरला ९.४८ रुपये होतं, ते मे २०२० मध्ये ३२.९८ वर गेलं. लॉकडाऊनमध्ये जगात तेल मातीमोल होतं आणि इथे फायदा तिजोरीत जात होता. पुढच्याच वर्षी, २९ मे २०२१ ला, मुंबईत पेट्रोलने शंभरी ओलांडली. नोव्हेंबर २०२१ आणि मे २०२२ मध्ये केंद्राने मिळून १३ रुपये कमी केले, जुलैत राज्याने व्हॅटमधून पाच. दरम्यान उत्तर प्रदेशची निवडणूक झाली. तो ‘रोज बदलणारा’ दर तेव्हा चार महिन्यांहून जास्त काळ जागचा हलला नव्हता.

पेट्रोल-डिझेल जीएसटीत आणायला ना केंद्र तयार, ना राज्यं. दोघांचंही घर या कमाईवर चालतं. पर्यायी इंधनाबद्दलची भाषणं ऐकताना हे लक्षात ठेवावं.

पर्याय कमी नव्हते. २००३ च्या सुमारास मोगली एरंडाचं वारं होतं: पडीक जमिनीवर लावा, बियांतून बायोडिझेल काढा. पाण्याशिवाय बी पुरेसं येत नाही हे शेतात दिसलं आणि विषय मिटला.

इथेनॉल टिकलं, कारण त्यामागे साखर कारखाने होते. कारखान्यांनी कर्ज काढून डिस्टिलऱ्या उभ्या केल्या. मग डिसेंबर २०२३ मध्ये, ऐन हंगामात, साखर कमी पडेल या धास्तीने केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंदी घातली, काही दिवसांत ती सैल केली आणि पुढच्या हंगामासाठी उठवली. २०२५ मध्ये वीस टक्के मिश्रण गाठलं, पण ग्राहकाला ते स्वस्त मिळालं नाही. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा सुमारे एक तृतीयांश कमी असते, त्यामुळे ॲव्हरेज घटल्याची तक्रार उगाच नाही.

खरा रुळला तो सीएनजी. दिल्लीत १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बसना सक्ती केली, मुंबईतही न्यायालयाने जुन्या टॅक्सींमागे तगादा लावला, आणि दरातला फरक रिक्षावाल्याला रोज हातात दिसत होता.

विजेच्या गाड्यांना असा आधार मिळाला नाही. बंगळुरूची ‘रेवा’ २००१ मध्येच रस्त्यावर आली होती. २०१३ च्या राष्ट्रीय आराखड्याने २०२० पर्यंत ६० ते ७० लाख विजेवरच्या आणि हायब्रिड गाड्यांचं लक्ष्य ठेवलं. त्याच्या आसपासही आपण पोहोचलो नाही. २०१९ मध्ये विजेवरच्या गाड्यांना अनुदान देणाऱ्या केंद्राच्या ‘फेम-२’ योजनेचे दहा हजार कोटी आले, स्कूटर खपू लागल्या. २०२२ मध्ये पुण्यात आणि नाशिकला स्कूटर पेटल्याने लोक बिचकले, आणि जून २०२३ मध्ये अनुदानाची मर्यादा किमतीच्या ४० टक्क्यांवरून १५ वर आणली. घेणाऱ्याने कशाच्या भरवशावर घ्यावी? त्यात सोसायटीच्या पार्किंगमध्ये चार्जर बसवायचा तर कमिटीची मनधरणी वेगळीच.

राज्याची तऱ्हाही तीच. मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात तीस लाखांवरच्या विजेवरच्या गाड्यांना सहा टक्के कर सुचवला, त्याच महिन्यात मागे घेतला, आणि त्याच वर्षी नव्या धोरणात टोलमाफी दिली. एसटीची पहिली विजेवरची ‘शिवाई’ १ जून २०२२ ला पुणे-अहमदनगर मार्गावर धावली. १९४८ साली त्याच तारखेला, त्याच मार्गावर पहिली एसटी सुटली होती. पाठोपाठ ५,१५० विजेवरच्या बस भाड्याने घेण्याचा करार झाला. बस वेळेत आल्या नाहीत म्हणून मे २०२५ मध्ये परिवहनमंत्र्यांनी तो रद्द करण्याचे निर्देश दिले. एसटीचा बहुतेक ताफा अजून डिझेलवरच आहे.