पंचनाम्यानंतरचा पैसा आणि पंचनाम्याआधीचा

अतिवृष्टी झाली की ‘एनडीआरएफ’ हा शब्द दोन अर्थांनी कानावर पडतो. पुरात बोटी घालणारे नारिंगी गणवेशातले जवान एनडीआरएफचे, आणि केंद्राने ज्यातून मदत द्यावी म्हणून आरडाओरडा होतो तो निधीही एनडीआरएफच. एक राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल (फोर्स), दुसरी राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद निधीची (फंड) तिजोरी. हा घोळ नावापुरता आहे, लगेच सुटतो. त्याहून चिवट गल्लत आहे ती आपत्तीनंतर मदत देणारा प्रतिसाद निधी आणि आपत्तीआधीच तिचा फटका कमी करण्यासाठीचा सौम्यीकरण निधी यांची.

2005च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यात दोन्ही आहेत. कलम 46 राष्ट्रीय प्रतिसाद निधीचं, कलम 47 सौम्यीकरण निधीचं. राज्यांसाठी कलम 48. पण केंद्रातला सौम्यीकरण निधी प्रत्यक्षात स्थापन झाला 2021 साली, म्हणजे कायद्यानंतर सोळा वर्षांनी. कशाची घाई होती आणि कशाची नव्हती, ते यातच आलं.

प्रतिसाद निधीचा पैसा ओळखीचा आहे. तलाठी येतो, पंचनामा होतो, नुकसान 33 टक्क्यांच्या वर गेलं की दर ठरलेला: 2022-26 च्या निकषांत कोरडवाहूला हेक्टरी 8,500 रुपये, बागायतीला 17,000, फळबागेसारख्या बहुवार्षिक पिकाला 22,500, तेही दोन हेक्टरांपर्यंत. मृताच्या वारसाला चार लाख. दर अपुरा म्हणून भांडता येतं, ‘सरसकट द्या’ म्हणून रस्ता अडवता येतो, आणि सरकारने हात सैल सोडला की त्याची बातमी होते.

सौम्यीकरणाला पंचनामा नसतो, कारण अजून काही घडलेलंच नसतं. तिथे लागतो प्रकल्प अहवाल, मग मान्यता, मग निविदा. उतारावरचं पाणी वाट काढून देणं, संरक्षक भिंत बांधणं, गाव वेळेत हलवणं. निसर्ग चक्रीवादळाने जून 2020 मध्ये रायगडात विजेचे खांब आडवे केले. ते परत उभे करणं हा प्रतिसाद. तारा जमिनीखालून नेणं हे सौम्यीकरण. पुढच्या वादळात पहिल्याचा खर्च पुन्हा होतो.

पंधराव्या वित्त आयोगाने 2021-26 साठी राज्यांना मिळून 1,60,153 कोटींची तरतूद सुचवली. त्यात प्रतिसादाला 80 टक्के, सौम्यीकरणाला 20. शिवाय मुंबईच्या पुरासाठी वेगळे 500 कोटी आणि पुण्यासाठी 250 कोटी. आयोगाने 20 टक्के निदान बाजूला तरी काढले, हे मला मोठं वाटतं. नाहीतर ते दर पावसाळ्यात मदतीत वाहून गेले असते. कायद्यानेही तो निधी फक्त सौम्यीकरणासाठीच राखून ठेवला आहे.

मग सरकारं मदतीकडेच का झुकतात? सगळा दोष त्यांच्या माथी मारायची सवय आपल्याला आहे. अँड्र्यू हीली आणि नील मल्होत्रा या अमेरिकी अभ्यासकांनी 2009 साली तिथल्या निवडणुकांचे आकडे तपासले. मतदार मदतवाटपाचं बक्षीस देतात, पूर्वतयारीचं देत नाहीत, असं त्यांना दिसलं. पूर्वतयारीवरचा एक डॉलर पुढचं साधारण 15 डॉलरचं नुकसान वाचवतो, हेही त्यांनीच मांडलं. आपल्याकडचं चित्र वेगळं असेल असं मला वाटत नाही. ‘आमच्या गावात यंदा दरड कोसळली नाही’ म्हणून कुणी आमदाराचा सत्कार केलाय?

बरं, पैसा असला तरी तो पोचायला आधी यादीत नाव लागतं. 19 जुलै 2023च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. 27 मृतदेह सापडले, 57 माणसं सापडलीच नाहीत. दरडप्रवण गावांच्या यादीत या वाडीचं नाव नव्हतं, असं सरकारने विधिमंडळात सांगितलं. वारसांना पाच लाखांची मदत मात्र दुसऱ्याच दिवशी जाहीर झाली होती.