रॉकमधले कौशल्य नेमके कुठे असते?

१९६५ साली इंग्लंडमधील बर्मिंगहॅम शहरात, पत्र्याच्या कारखान्यात काम करणाऱ्या १७ वर्षांच्या टोनी आयोमी या तरुणाचा उजवा हात यंत्रात सापडला आणि त्याच्या मधल्या बोटाची व अनामिकेची टोके तुटली. तो डावखुरा गिटारवादक होता, त्यामुळे तारा दाबण्याचे काम नेमके याच हाताकडे होते. प्लास्टिकची बाटली वितळवून त्याने बोटांसाठी टोपणे तयार केली, त्यांवर चामडे चिकटवले, जाड तारांच्या जागी पातळ तारा बसवल्या आणि पुढे १९७१ सालच्या अल्बमपर्यंत गिटारची सुरावट तीन अर्धस्वरांनी खाली उतरवली, म्हणजे तारा सैल झाल्या आणि दाबायला सोप्या गेल्या. टोपणांमुळे त्या दोन बोटांना तारेचा स्पर्श कळत नव्हता. या हाताने वाजवलेल्या संगीतावर ‘ब्लॅक सबाथ’ हा बँड उभा राहिला आणि हेवी मेटल या शैलीचा पाया घातला गेला.

उत्तम रॉक संगीतासाठी तांत्रिक कौशल्य आवश्यक असते का, या वादात आयोमीचे उदाहरण दोन्ही बाजूंनी वापरता येते. अपंग झालेल्या बोटांनीही इतिहास घडवता येतो, म्हणून कौशल्य दुय्यम आहे, असे एक पक्ष म्हणेल. दुखापतीवर मात करून पुन्हा वाजवता येणे हेच मोठे कौशल्य आहे, असे दुसरा म्हणेल. माझ्या मते दोन्ही पक्ष एका गोष्टीकडे दुर्लक्ष करतात. बोटे किती वेगाने आणि किती अवघड जागी फिरतात, हे आपण डोळ्यांनी पाहतो आणि त्यालाच कौशल्य म्हणतो. संगीत मात्र कानात घडते, आणि कानाला कोणत्या गोष्टी कळतात, कोणत्या कळत नाहीत, याची काही निश्चित माहिती विज्ञानाकडे आहे.

प्रथम रॉक गिटारच्या त्या प्रसिद्ध गुरगुरणाऱ्या आवाजाचा विचार करू. ॲम्प्लिफायरला त्याच्या क्षमतेपलीकडचा विद्युत-संकेत दिला की तरंगाचे माथे आणि तळ छाटले जातात, आणि या छाटणीतून मूळ संकेतात नसलेले स्वर जन्माला येतात. यालाच वादक डिस्टॉर्शन म्हणतात. एकच स्वर वाजत असेल तर त्याच्या कंपनसंख्येच्या पटीतले स्वर वाढतात. दोन स्वर एकत्र वाजत असतील तर त्यांच्या कंपनसंख्यांच्या बेरजा-वजाबाक्यांतून आणखी स्वर तयार होतात. समजा, षड्ज सेकंदाला ११० कंपनांचा आणि पंचम १६५ कंपनांचा आहे. मग ५५, २२०, २७५ अशी कंपने निर्माण होतात, आणि ती सर्व ५५ च्याच पटीत बसतात. गिटारच्या सर्वांत जाड तारेची नेहमीची कंपनसंख्या सुमारे ८२ असते, म्हणजे ५५ कंपनांचा हा स्वर त्या वाद्यावर कुठेच नाही. तरीही तो ऐकू येतो आणि दोन स्वरांच्या त्या साध्या जोडीला तळघरासारखी खोली देतो. पॉवर कॉर्ड या नावाने ओळखली जाणारी ही जोडी दोन बोटांनी वाजवता येते.

आता पंचमाच्या जागी शुद्ध गंधार घेऊन पाहा. गिटारवर पडदे समान अंतराच्या पद्धतीने बसवलेले असल्यामुळे हा गंधार सुमारे १३८.६ कंपनांचा येतो, तर शुद्ध गणिताप्रमाणे तो १३७.५ चा हवा. षड्जाचा पाचवा पट ५५० आणि गंधाराचा चौथा पट सुमारे ५५४.४, या दोहोंत सेकंदाला चारांहून अधिक विस्पंद, म्हणजे आवाजाचे नियमित चढउतार, उमटतात. मूळ आवाजात ते फारसे जाणवत नाहीत, पण डिस्टॉर्शनमुळे हेच वरचे स्वर बळावतात आणि आवाज गढूळ होतो. पंचमाच्या बाबतीत असाच हिशेब केला तर सुमारे पावणेतीन सेकंदांत एखादा विस्पंद येतो. संगीतशास्त्राच्या परीक्षेत गंधारासह पूर्ण त्रिस्वर वाजवणारा वादक पुढे जाईल; भरपूर डिस्टॉर्शन लावलेल्या ॲम्प्लिफायरसमोर मात्र गंधार गाळणारा अधिक शहाणा ठरतो. साधेपणा हा इथे अज्ञानाचा परिणाम असेलच असे नाही, पुष्कळदा तो वाद्याच्या भौतिकीने घालून दिलेला असतो.

याच छाटणीचा आणखी एक परिणाम आहे, आणि तो नवशिक्यांना फार त्रास देतो. आघाताचा जोर छाटला गेल्याने तो आणि मागाहून विरत जाणारा नाद यांतला फरक कमी होतो, स्वर लांबतो. पण त्याबरोबर चुकून छेडलेली तार, बोट घसरल्याचा आवाज, हात उचलल्याची खरखर हेही मोठे होऊन बाहेर पडते. म्हणून अशा आवाजात वाजवणाऱ्याचे निम्मे कसब न वाजवायच्या तारा गप्प ठेवण्यात असते. आघात करणाऱ्या हाताचा तळवा घोडीजवळ टेकवणे, दुसऱ्या हाताच्या मोकळ्या बोटांनी शेजारच्या तारांना हलकेच स्पर्श करून ठेवणे, आणि दोन स्वरसमूहांच्या मधली शांतता नेमक्या क्षणी कापून घेणे, या गोष्टी समोर बसलेल्या प्रेक्षकाला दिसतही नाहीत. ज्याला ‘काय, दोनच तर कॉर्ड आहेत’ असे वाटते, त्याने त्या दोन कॉर्ड मोठ्या आवाजात स्वच्छ वाजवून पाहाव्यात.

आवाजाचा पोत स्वतः घडवण्याची ही धडपड रॉकच्या आरंभापासून दिसते. लिंक रे या गिटारवादकाने १९५८ च्या सुमारास ॲम्प्लिफायरच्या स्पीकरच्या कागदी शंकूला पेन्सिलने भोके पाडली, तर ‘द किंक्स’च्या डेव्ह डेव्हिस याने १९६४ साली आपल्या स्पीकरचा शंकू पात्याने चिरला. जिमी हेंड्रिक्सच्या हाती फीडबॅक हे तर स्वतंत्र वाद्यच झाले. स्पीकरमधून निघालेला ध्वनी हवेतून पुन्हा तारेला हलवतो, ते कंपन पुन्हा ॲम्प्लिफायरकडे जाते आणि चक्र सुरू राहते. त्यातून कोणता स्वर टिकेल हे गिटार स्पीकरपासून किती अंतरावर, कोणत्या कोनात धरली आहे यावरही अवलंबून असते. म्हणजे वादक कुठे उभा आहे हासुद्धा तंत्राचा भाग ठरतो.

श्रोत्याला हा पोत खरोखर इतका महत्त्वाचा असतो का? १९९९ साली ग्लेन शेलेनबर्ग आणि सहकाऱ्यांनी लोकप्रिय गाण्यांचे केवळ ०.१ आणि ०.२ सेकंदांचे तुकडे ऐकवून ते कोणत्या गाण्याचे आहेत हे ओळखायला सांगितले. इतक्या वेळात चाल उभीच राहत नाही, लयही नाही. तरीही श्रोत्यांची उत्तरे निव्वळ अंदाजापेक्षा निश्चितपणे चांगली होती. ०.१ सेकंदाच्या तुकड्यांतील उच्च कंपनसंख्येचा भाग काढून टाकला, किंवा ते तुकडे उलटे ऐकवले, तेव्हा मात्र ही ओळख नाहीशी झाली. खालचा भाग काढल्याने काही फरक पडला नाही. गाण्याची ओळख पोतात किती खोलवर रुजलेली असते, हे यावरून कळते. नेमका तोच स्वर दुसऱ्या गिटारवर, दुसऱ्या ॲम्प्लिफायरवर वाजवणारा अधिक चपळ वादक ते गाणे आपल्याला परत देऊ शकत नाही, याचे कारण मला इथे सापडते.

वेगाचा प्रश्नही कानाच्या मर्यादेशी येऊन थांबतो. मिनिटाला १५० ठोक्यांच्या लयीत प्रत्येक ठोक्यात चार स्वर वाजवले, तर सेकंदाला १० स्वर होतात, म्हणजे एका स्वराच्या वाट्याला ०.१ सेकंद येतो. लयीच्या सर्वांत बारीक विभागणीची जाणीव साधारणपणे याच मर्यादेपर्यंत टिकते, असे संशोधक मानतात. १९५० साली जॉर्ज मिलर आणि जॉर्ज हाइस यांनी दाखवले, की दोन स्वर याच गतीने आलटून-पालटून वाजवले आणि त्यांतले अंतर लहान असले, तर एकच वर-खाली होणारी रेषा ऐकू येते. अंतर वाढवले की ती रेषा फुटते आणि एकमेकांशी संबंध नसलेले दोन प्रवाह ऐकू येऊ लागतात. त्यापलीकडच्या वेगात स्वरांची चाल उरत नाही, एक झिलई उरते. ती झिलई सुंदर असू शकते आणि मेटलमधील अनेक वादक ती जाणीवपूर्वक वापरतात. पण सेकंदाला १२ स्वर वाजवणाऱ्यापेक्षा १५ वाजवणारा तितक्याच प्रमाणात अधिक काही सांगतो, हे कानाला मान्य नाही.

तालाच्या बाबतीत संशोधनाने मला स्वतःला चकित केले. चांगला ड्रमर ठोका किंचित मागे-पुढे ठेवतो आणि त्यामुळेच शरीर डोलते, हा समज वादकांमध्ये सर्वत्र आहे. १९८७ साली संगीत-अभ्यासक चार्ल्स कील यांनी त्याला सैद्धांतिक रूपही दिले. परंतु २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या दोन स्वतंत्र अभ्यासांत श्रोत्यांना वेळेवर काटेकोर बसवलेले ठेके आणि मुद्दाम सरकवलेले ठेके ऐकवले, तेव्हा काटेकोर ठेक्यांनाच अधिक पसंती मिळाली. त्यांतील एका अभ्यासातील ठेके तर रॉकचेच होते. मग माणसाने वाजवलेल्या ठेक्यात आपल्याला काय आवडते? याचे एक उत्तर जेफ पोर्कारो या ड्रमरच्या १९८२ सालच्या ध्वनिमुद्रणाच्या विश्लेषणातून मिळते. त्याने एका हाताने वाजवलेल्या हाय-हॅटचे (ड्रमसंचातील झांजांच्या जोडीचे) ठोके २०१५ साली तपासण्यात आले. त्यातील सूक्ष्म चुका यादृच्छिक नव्हत्या. आत्ताची चूक बऱ्याच आधीच्या चुकांशी संबंधित होती, जणू काळाची एक लांब लाट ठेक्याखालून वाहत होती. होल्गर हेनिग यांच्या गटाने आधी २०११ साली हेही दाखवले होते, की संगणकाने घातलेल्या यादृच्छिक चुकांपेक्षा अशा परस्परसंबंधित चुका श्रोत्यांना अधिक भावतात. म्हणून ‘चूक हीच कला’ असे म्हणणे मला पटत नाही. मला वाटते, हात मुळात अतिशय स्थिर असेल तरच अशा चुका कानाला भावतात.

पंक रॉकचे उदाहरण या संदर्भात नेहमी दिले जाते. ‘रमोन्स’ने १९७६ साली पहिला अल्बम सुमारे आठवडाभरात, ६,४०० डॉलरच्या खर्चात ध्वनिमुद्रित केला आणि त्यात गुंतागुंतीचे गिटार-एकलवादन जवळपास नाहीच. पण त्यांचा गिटारवादक जॉनी रमोन प्रत्येक आघात वरून खालीच करत असे. मिनिटाला १८० ठोक्यांच्या गाण्यात प्रत्येक ठोक्याला दोन आघात धरले, तर सेकंदाला सहा वेळा मनगट खाली येते आणि परत जाते, गाण्यामागून गाणे. हात वर जातानाही आघात केला असता तर श्रम निम्मे झाले असते. मात्र तेव्हा पातळ तारा आधी छेडल्या जातात आणि आवाजाची धार बदलते. एकसारखी धार हवी म्हणून त्याने दुप्पट श्रम पत्करले. याला कौशल्य न म्हणता दुसरे काय म्हणायचे, हे मला कळत नाही.

गुंतागुंतीलाही एक वरची सीमा असते. मारिया विटेक आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली ठोक्याची अपेक्षित जागा वेगवेगळ्या प्रमाणात मुद्दाम चुकवणारे ड्रमचे ठेके लोकांना ऐकवले, तेव्हा सर्वांत सरळ आणि सर्वांत गुंतागुंतीचे असे दोन्ही ठेके मागे पडले. नाचावेसे वाटण्याची इच्छा आणि आनंद मधल्या ठेक्यांना सर्वाधिक मिळाला. ‘पिंक फ्लॉईड’च्या १९७३ सालच्या अल्बममधील सात मात्रांचे गाणे हा याचा सुंदर दाखला आहे. बेस गिटारची आवर्तने इतक्या चिकाटीने येतात, की सात मात्रा कानाला परक्या राहत नाहीत. आणि गिटारचे एकलवादन सुरू होते तेव्हा बँड चार मात्रांवर येतो. सातात वाजवता येणाऱ्या माणसांनी तिथे चार निवडले.

सरावाचे महत्त्व यातून कमी होत नाही. ब्रुक मॅकनमारा आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा संगीतातील कामगिरीच्या फरकांपैकी सुमारे २१ टक्के फरकाचा संबंध जाणीवपूर्वक केलेल्या सरावाशी जोडता आला. हा वाटा लहान नाही, पण सर्वस्वही नाही. शिवाय असे अभ्यास एकेका व्यक्तीचे मोजमाप करतात, आणि रॉक हे बहुधा एका व्यक्तीचे संगीत नसते. २०१४ साली हेनिग यांनी दोन व्यक्तींना एकत्र ठेका वाजवायला लावून त्यांच्या ठोक्यांमधील अंतरे मोजली. एकाचा पुढचा ठोका दुसऱ्याने कित्येक मिनिटे आधीपासून घेतलेल्या अंतरांवर अवलंबून असल्याचे त्यात आढळले. कौशल्याचा हा अंश कोणा एकाच्या हातात नसतो, तो दोघांच्या मध्ये असतो आणि एकत्र वाजवण्याच्या तासांतूनच वाढतो.

‘बीटल्स’नी १९६० ते १९६२ या काळात हॅम्बुर्गच्या क्लबांमध्ये असे अगणित तास घालवले, आणि रिंगो स्टार तेव्हा दुसऱ्या बँडमधून त्याच क्लबांत वाजवत होता. तो डावखुरा असून उजव्या हाताच्या मांडणीचे ड्रम वाजवी, त्यामुळे ठेक्याच्या मधल्या त्याच्या भरावाच्या जागा इतरांपेक्षा वेगळ्या पडत. ऑगस्ट १९६२ मध्ये तो बीटल्समध्ये आला. त्यांच्या पहिल्या एकेरी तबकडीचे गाणे ४ सप्टेंबरला त्याच्यासह ध्वनिमुद्रित झाले, पण ते निर्मात्यांना पसंत पडले नाही, आणि ११ सप्टेंबरला अँडी व्हाइट या अनुभवी व्यावसायिक ड्रमरला बोलावून तेच गाणे पुन्हा मुद्रित करण्यात आले. रिंगोच्या हाती टॅम्बरीन देण्यात आली. तबकडीच्या पहिल्या ब्रिटिश प्रतींवर रिंगोची आवृत्ती आली, अल्बमवर व्हाइटची. दोन्ही आज ऐकता येतात, आणि त्या वेगळ्या ओळखण्याची सर्वांत सोपी खूण ड्रममध्ये नाही: जिच्यात टॅम्बरीन वाजते, ती व्हाइटची.