परतावा वेगळा, अनुदान वेगळं

जून-जुलैत मासेमारी बंद असते, त्यामुळे हर्णैचा माझा आतेभाऊ बडोद्याला येतो तो याच दिवसांत. यंदा शेव-उसळ खाऊन झाल्यावर त्याने कागदांनी फुगलेली एक प्लॅस्टिकची पिशवी आमच्या दांडिया बाजारातल्या घराच्या झोपाळ्यावर उलटी केली. मच्छीमार सोसायटीच्या पंपाच्या डिझेलच्या पावत्या, बोटीचं नोंदणी प्रमाणपत्र, मासेमारी परवाना आणि या सगळ्याच्या घडीत दडलेलं एका नव्या इंजिनाचं कोटेशन.

"दादा, सबसिडी तर आपल्याला मिळतेच. मग इंजिनाला परत मागितली तर दोनदा घेतली असं धरतील का रे?"

मी हिशेबाची कामं करतो. समुद्राशी माझा संबंध ताटातल्या सुरमईपुरता. पण हा प्रश्न समुद्राचा नव्हताच. दोन वेगळ्या पैशांना बंदरावर ‘सबसिडी’ हे एकच नाव पडलंय, घोळ तिथला आहे.

पावत्यांचा पैसा तो परतावा. डिझेल अजून जीएसटीत आलेलं नाही, त्यावर राज्याचा व्हॅट बसतो. यांत्रिक बोटींनी मासेमारीसाठी जाळलेल्या डिझेलवरचा हा कर महाराष्ट्र सरकार मच्छीमारांना परत करतं. सरकारी कागदावर त्याचं नाव ‘मूल्यवर्धित कराची प्रतिपूर्ती’. म्हणजे पंपावर आधी पूर्ण भाव मोजायचा आणि मग खात्यात पैसे कधी पडतात याची वाट बघायची. वाट बघण्याबद्दल भाऊ जे बोलला ते इथे लिहीत नाही. मुद्दा इतकाच की हा पैसा लिटरवर चालतो. बोट बंदरात उभी राहिली तर परतावा शून्य.

कोटेशनचा पैसा तो अनुदान. तो एकदाच आणि एका वस्तूसाठी मिळतो, मग ती वस्तू वर्षाला किती तास चालते याच्याशी त्याला देणंघेणं नाही. आपल्याकडे अशा पैशाची रीत कळायला २०२० ची प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजना बघावी. सर्वसाधारण गटाला ४० टक्के, अनुसूचित जाती-जमाती आणि महिलांना ६० टक्के. हे टक्के मात्र तुमच्या बिलावर नसतात, योजनेत ठरलेल्या युनिट कॉस्टवर असतात. पारंपरिक मच्छीमाराला जुनी होडी बदलून नवी होडी आणि जाळी घ्यायची तर ही युनिट कॉस्ट ५ लाख धरली होती. बिल ७ लाखांचं आणलं तरी टक्के ५ लाखांवरच लागणार, वरचे २ लाख पूर्ण आपले. इंजिनाला कुठल्याही योजनेतून पैसे मागताना पहिला प्रश्न हाच विचारायचा: टक्के कशावर?

इथवर भाऊ मान डोलावत होता. पुढचं ऐकून थांबला, कारण हे दोन पैसे एकमेकांच्या उलट ओढतात.

समजा बोट वर्षाला २०,००० लिटर डिझेल खाते. भाव ९० रुपये, त्यात परत मिळणारा कर १५ रुपये. नव्या इंजिनाने १५ टक्के डिझेल वाचलं, म्हणजे ३,००० लिटर. पंपावर वाचले २,७०,००० रुपये. पण तेवढ्या लिटरवरचा ४५,००० चा परतावाही गेला, म्हणजे हातात उरले २,२५,०००. इंजिन १२ लाखांचं असेल तर स्वतःच्या खिशातून घातलेले पैसे फिटायला ५ वर्षं ४ महिने. तेच ४० टक्के अनुदान पूर्ण किमतीवर मिळालं तर घालायचे ७ लाख २० हजार, आणि ते सव्वातीन वर्षांच्या आत फिटतात. थोडक्यात, परतावा जुन्या इंजिनाची खादाडी सुसह्य करतो आणि अनुदान ती खादाडी मोडायला दिलेलं असतं. परताव्याला मी वाईट म्हणत नाही, त्याच्याशिवाय बोट सुटायची नाही. पण "परतावा मिळतोय ना, मग कशाला बदला" हे गणित दिसतं तेवढं सरळ नाही.

अटीही त्यामुळेच वेगळ्या. परताव्याला पावती, परवाना आणि मासेमारीला गेल्याचा पुरावा लागतो. अनुदान देणारा इंजिनातच डोकावतो. युरोपीय संघाच्या २०२१ ते २०२७ च्या मत्स्य निधीत २४ मीटरपर्यंतच्या बोटीचं इंजिन बदलायला पैसे मिळतात, पण नवं इंजिन जुन्यापेक्षा जास्त ताकदीचं चालत नाही. छोट्या किनारी बोटी सोडल्या तर कार्बन डायऑक्साइडही किमान २० टक्के कमी व्हावा लागतो. बोटीला लागणारी ताकद वेगाच्या साधारण घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे वेग दुप्पट तर ताकद आठपटीच्या आसपास. मोठं इंजिन घेऊन तांडेल, म्हणजे बोट चालवणारा, थोडा जोरात पळवू लागला की वाचलेलं डिझेल तिथेच संपलं. भावाच्या कोटेशनमध्ये अश्वशक्ती जुन्यापेक्षा चांगली दणदणीत होती, त्यावर मी पेन्सिलीने गोल केला.

बिलाचंही बघायला हवं. डिझेलवर व्हॅट, इंजिनावर मात्र जीएसटी. मासेमारी बोटीच्या मरीन इंजिनाला ५ टक्के दर लागतो, असं ९ ऑगस्ट २०१८ च्या केंद्राच्या परिपत्रकात स्पष्ट केलंय. विक्रेत्याने ट्रकचं इंजिन म्हणून बिल फाडलं तर दरही वेगळा आणि अनुदानाच्या फायलीत इंजिनाचं वर्णनही चुकीचं.

माझ्या वहीत तर या दोघांची पानंच वेगळी. परतावा येतो तो त्या वर्षाच्या जमाखर्चात, डिझेलच्या खर्चासमोर. अनुदान मात्र वस्तूच्या किमतीतून वजा होतं; १९६१ च्या आयकर कायद्यात हे कलम ४३(१) च्या दहाव्या स्पष्टीकरणात होतं. १२ लाखांचं इंजिन पुस्तकात ७ लाख २० हजारांचं, आणि घसारा, म्हणजे वस्तूच्या झिजेपोटी दरवर्षी दाखवायचा खर्च, तेवढ्यावरच. पूर्ण किमतीवर घसारा लावून बसलेले लोक मी पाहिलेत, नोटीस आली की मग धावपळ.

"आणि जुनं इंजिन? त्याला दाभोळचं गिऱ्हाईक आहे."

हा प्रश्न परताव्यात कधीच येत नाही, अनुदानात येतो. अमेरिकेत २००५ च्या कायद्याने जुनी डिझेल इंजिनं बदलायला पैसे मिळतात, मासेमारी बोटींनाही. तिथे हेतू मच्छीमाराचा खिसा नाही, धूर कमी करणं हा आहे. म्हणून जुन्या इंजिनाच्या ब्लॉकला, म्हणजे मुख्य धातूच्या सांगाड्याला, तीन इंचांचं भोक पाडून त्याचे फोटो द्यावे लागतात. तेच इंजिन शेजारच्या खाडीत दुसऱ्या होडीवर धूर ओकणार असेल तर सरकारने पैसे कशाला द्यायचे?

भाऊ बराच वेळ झोपाळा पायाने हलवत बसला. मग पावत्या पुन्हा पिशवीत भरल्या, कोटेशन घडी करून शर्टाच्या खिशात ठेवलं, आणि दाभोळला फोन लावून म्हणाला, "जरा थांब रे. अटी बघून सांगतो."