एनएफएल ड्राफ्ट : निवडी, ट्रेड आणि चाहत्यांचे वाद

अमेरिकन फुटबॉलच्या नॅशनल फुटबॉल लीगमधील, म्हणजे एनएफएलमधील, 32 संघ दरवर्षी एप्रिलच्या अखेरीस महाविद्यालयीन खेळाडूंना ठरलेल्या क्रमाने आपल्याकडे घेतात. या प्रक्रियेला ड्राफ्ट म्हणतात. फेब्रुवारीत सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, संपल्यापासून सप्टेंबरात नवा हंगाम सुरू होईपर्यंतच्या ऑफसीझनमध्ये हार-जीत मोजली जाईल असा एकही सामना होत नाही, पण चाहत्यांची सर्वांत कडाक्याची भांडणे नेमकी याच काळातली असतात. कोणाला घ्यायला हवे होते, कोणाला सोडायला नको होते, अमुक क्रमांकासाठी किती मोजले, हे त्या भांडणांचे विषय. बाजारात तुरी असतानाच घरात चाललेली ही हाणामारी आता या खेळाच्या संस्कृतीचाच एक भाग झाली आहे.

आयपीएलच्या लिलावाची सवय असलेल्या वाचकाने एक फरक ध्यानात ठेवावा : लिलावात खेळाडू पैशाने मिळतो, ड्राफ्टमध्ये तो पाळीने मिळतो. मागच्या हंगामात सर्वांत वाईट कामगिरी केलेल्या संघाची पाळी पहिली आणि सुपर बोल जिंकणाऱ्या संघाची शेवटची, अशा एकूण सात फेऱ्या होतात. नवोदिताला किती मानधन मिळणार हेही लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यातील 2011 च्या करारापासून बहुतांशी त्याच्या क्रमांकावरूनच ठरते. त्यामुळे संघ आपसांत व्यवहार करतात तेव्हा चलन म्हणून वापरतात तो निवडीचा क्रमांक. यंदाचा, पुढच्या वर्षीचा किंवा त्याच्याही पुढच्या वर्षीचा. उद्याचा क्रमांक आज खर्च करता येतो, आणि वादाचे मूळ बहुधा तिथेच असते.

ही पद्धत आणण्याचा प्रस्ताव 1935 साली फिलाडेल्फिया ईगल्सचे मालक बर्ट बेल यांनी मांडला. शिकागो बेअर्स आणि न्यूयॉर्क जायंट्ससारखे सधन संघ चांगले खेळाडू उचलून नेत आणि बेल यांच्यासारख्यांच्या वाट्याला उरलेसुरले येई. पहिला ड्राफ्ट 8 फेब्रुवारी 1936 रोजी फिलाडेल्फियातील एका हॉटेलात झाला; नऊ संघ, नऊ फेऱ्या, 81 निवडी. पहिल्या क्रमांकावर बेल यांच्या संघाने जे बर्वँगर याला घेतले, मग त्याचे हक्क बेअर्सना दिले, आणि तो अखेर एनएफएलमध्ये एकही सामना खेळला नाही. पहिल्याच ड्राफ्टची पहिलीच निवड अशी वाया गेली, हे या विषयाच्या अभ्यासकाने विसरू नये.

कित्येक वर्षे हा कार्यक्रम बंद खोलीतला कारभार होता. 1980 साली ईएसपीएनने त्याचे दूरचित्रवाणीवर प्रक्षेपण सुरू केले आणि प्रेक्षकांच्या गॅलरीला आवाज मिळाला. त्या काळी न्यूयॉर्कमध्ये ड्राफ्ट होत असल्याने तेथील दोन्ही संघांच्या, विशेषतः जेट्सच्या, चाहत्यांची निवडीनंतर हुर्यो उडवण्याची परंपराच पडली. जायंट्सने 1979 साली फिल सिम्स या क्वार्टरबॅकला (आक्रमणाची सूत्रे हलवणारा, चेंडू फेकणारा खेळाडू) सातव्या क्रमांकावर घेतले तेव्हाही त्याची हुर्यो उडाली होती. पुढे तोच एका सुपर बोलचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. जेट्सने 1995 साली बचावपटू वॉरन सॅप याला सोडून काइल ब्रेडीला घेतले, तेव्हाचा आरडाओरडा मात्र काळाने खरा ठरवला.

हुर्योचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण 1999 चे आहे. फिलाडेल्फियाच्या एका रेडिओ कार्यक्रमाने सुमारे तीस ईगल्सप्रेमींना बसने न्यूयॉर्कला नेले. उद्देश एकच, टेक्सास विद्यापीठाचा रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा खेळाडू) रिकी विल्यम्स याला घ्यावे म्हणून गलका करणे. शहराच्या महापौरांचाही कल विल्यम्सकडेच होता. संघाने दुसऱ्या क्रमांकावर क्वार्टरबॅक डॉनोव्हन मॅकनॅब याचे नाव पुकारले आणि आयुष्यातील सर्वांत मोठ्या क्षणी व्यासपीठावर येणाऱ्या त्या तरुणाला आपल्याच नव्या संघाच्या चाहत्यांचा धिक्कार ऐकावा लागला. मॅकनॅबने पुढे ईगल्सला पाच वेळा एनएफसीच्या, म्हणजे लीगमधील दोन गटांपैकी एकाच्या, अंतिम सामन्यापर्यंत आणि एकदा सुपर बोलपर्यंत नेले. विल्यम्ससाठी न्यू ऑर्लिन्स सेंट्सने त्या वर्षीच्या आपल्या साऱ्या निवडी, शिवाय पुढच्या वर्षीच्या पहिल्या आणि तिसऱ्या फेरीतील निवडही देऊन टाकली. त्या हंगामात संघ 16 पैकी 3 सामने जिंकला आणि प्रशिक्षक माइक डिटका यांची नोकरी गेली. चाहते चुकले होते, यात शंका नाही. पण त्यांच्याच मताचा एक प्रशिक्षक होता आणि त्याच्या हाती अधिकारही होता, हे सांगितल्याशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही.

व्यवहार योग्य होता की नाही हे ठरवण्यासाठी चाहते ज्या कोष्टकाचा आधार घेतात, ते 1990 च्या दशकाच्या आरंभी डॅलस काउबॉइज संघात तयार झाले आणि प्रशिक्षक जिमी जॉन्सन यांच्या नावाने ओळखले जाते. त्यात पहिल्या क्रमांकाला 3000 गुण, दुसऱ्याला 2600, तिसऱ्याला 2200, दहाव्याला 1300 आणि पहिल्या फेरीतील शेवटच्या, 32 व्या क्रमांकाला 590 गुण आहेत. हे आकडे कोणा दैवी सूत्रातून आलेले नाहीत. प्रत्यक्ष झालेल्या सौद्यांवरून बांधलेला तो बाजारभाव आहे. वर्तणूक-अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड थेलर आणि केड मॅसी यांनी ड्राफ्टच्या अभ्यासात दाखवून दिले की हा बाजार अगदी वरच्या क्रमांकांना अवाच्या सवा किंमत देतो, आणि मानधनाच्या तुलनेत अधिक लाभ त्याखालच्या निवडींतून होतो. थेलर यांना 2017 साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, तरी संघांनी वर चढण्यासाठी उधळपट्टी करणे काही थांबवले नाही.

कोष्टकाची मर्यादा दाखवायला 2017 चा सौदा पुरेसा आहे. शिकागो बेअर्सना तिसऱ्या क्रमांकावरून दुसऱ्यावर, म्हणजे फक्त एक पायरी, वर यायचे होते. त्यासाठी त्यांनी सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सना तिसरा, 67 वा आणि 111 वा क्रमांक, शिवाय पुढच्या वर्षीची तिसरी फेरी दिली. जॉन्सन कोष्टकाप्रमाणे 2200, 255 आणि 72 मिळून 2527 गुण होतात. पुढच्या वर्षीची फेरी धरली तर 2600 ची भरपाई होते. हिशोब चोख होता. घोळ झाला तो नावात : बेअर्सनी क्वार्टरबॅक मिचेल ट्रुबिस्की याला घेतले, आणि दहाव्या क्रमांकावर कॅन्सस सिटी चीफ्सने पॅट्रिक महोम्स याला. महोम्सने तीन सुपर बोल जिंकून दिले. ट्रुबिस्कीला बेअर्सनी चार हंगामांनंतर जाऊ दिले. शिकागोत आजही हा विषय निघाला की ‘एका पायरीसाठी किती दिले’ यावरच तावातावाने बोलले जाते. खरे तर पायरी महाग नव्हतीच. गंमत अशी, की समोरच्या संघाने तिसऱ्या क्रमांकावर घेतलेला सॉलोमन थॉमसही अपेक्षेला उतरला नाही, पण त्याची आठवण फारशी कोणी काढत नाही.

वादाची परिभाषा ठरलेली आहे. अपेक्षेपेक्षा फार वर घेतलेला खेळाडू ‘रीच’, खाली हाती लागलेला ‘स्टील’, फसलेला ‘बस्ट’. संघात ज्या जागेची उणीव आहे तीच भरावी, की जागा कोणतीही असो, उरलेल्यांतला उत्तम खेळाडू उचलावा, हा त्यातला जुना आणि न सुटणारा प्रश्न. ड्राफ्टच्या कित्येक महिने आधीपासून लुटुपुटूचे ‘मॉक ड्राफ्ट’ मांडले जातात आणि शेवटचे नाव पुकारल्याच्या दुसऱ्या दिवशी समीक्षक प्रत्येक संघाला श्रेणी देतात. या श्रेणींना फारसा अर्थ नाही, कारण निवडीचा कस लागायला निदान तीन हंगाम जावे लागतात. टॉम ब्रेडी 2000 साली सहाव्या फेरीत 199 वा निवडला गेला, त्याच्याआधी सहा क्वार्टरबॅक गेले होते. त्याने पुढे सात सुपर बोल जिंकले. 2022 साली अगदी शेवटच्या, 262 व्या क्रमांकावर घेतलेला ब्रॉक पर्डी दोन वर्षांच्या आत सुपर बोलमध्ये क्वार्टरबॅक म्हणून उतरला. शेवटच्या खेळाडूला थट्टेने ‘मिस्टर इर्रेलेव्हंट’ म्हणण्याची प्रथा 1976 पासूनची आहे.

रोष संघटित रूप घेतो तेव्हा काय होते, ते डेट्रॉइटने दाखवले. संघाचे अध्यक्ष मॅट मिलेन यांच्या कारकिर्दीत डेट्रॉइट लायन्सने 2003, 2004 आणि 2005 अशी सलग तीन वर्षे पहिल्या फेरीत वाइड रिसीव्हरच (फेकलेला चेंडू झेलणारे खेळाडू) घेतले. तिसऱ्या वर्षाच्या डिसेंबरात चाहत्यांनी मोर्चा काढला, आणि घरच्या सामन्याला प्रतिस्पर्धी सिनसिनाटीच्या नारिंगी रंगाचे कपडे घालून आले. मिलेन मात्र 2008 पर्यंत टिकले, आणि त्याच हंगामात संघ सर्वच्या सर्व 16 सामने हरला.

2021 साली लायन्सने आपला क्वार्टरबॅक मॅथ्यू स्टॅफर्ड लॉस एंजेलिस रॅम्सला देऊन जॅरेड गॉफ, दोन पहिल्या फेऱ्या आणि एक तिसरी फेरी घेतली. रॅम्सने लगेच सुपर बोल जिंकला, तेव्हा डेट्रॉइट फसले असेच अनेकांना वाटले. 2023 मध्ये 12 व्या क्रमांकावर रनिंग बॅक जमीर गिब्ज आणि 18 व्या क्रमांकावर जॅक कॅम्पबेल घेतल्याबद्दलही श्रेणी देणाऱ्यांनी नाके मुरडली. त्याच हंगामात लायन्स एनएफसीच्या अंतिम सामन्यात पोचले.

पुढच्या एप्रिलमध्ये ड्राफ्ट डेट्रॉइटलाच भरला आणि तीन दिवसांत 7 लाख 75 हजारांहून अधिक लोक आले. गुरुवारी रात्री, म्हणजे भारतात शुक्रवार उजाडल्यावर, लायन्सने आपला 29 वा आणि 73 वा क्रमांक डॅलसला देऊन 24 वा क्रमांक आणि पुढच्या वर्षीची सातवी फेरी मिळवली, व टेरियन आर्नल्ड या कॉर्नरबॅकला (प्रतिस्पर्धी रिसीव्हरला रोखणारा बचावपटू) घेतले. जॉन्सन कोष्टकावर हे 740 गुणांसाठी 865 गुण मोजणे झाले.