जॅकेट घालून पळावं की सॅक घेऊन चालावं?

'वजन घेऊन कार्डिओ करतोय,' असं कुणी म्हणालं की मी आधी विचारतो, पळतोयस की चालतोयस? अंगावर वेटेड व्हेस्ट, म्हणजे वजनाचं जॅकेट चढवून पळणं आणि पाठीवर भरलेली सॅक घेऊन झपाझप चालणं (याला हल्ली रकिंग म्हणतात) हे दोन्ही एकाच कुळातले व्यायाम वाटतात. वजन तेच, घाम तोच. पण गुडघ्यांना विचाराल तर ते वेगळंच सांगतील.

चालताना एक पाय कायम जमिनीवर असतो. पळताना प्रत्येक ढांगेत क्षणभर दोन्ही पाय हवेत असतात, आणि मग सगळा भार एका पायावर आदळतो. साधं चालताना जमिनीकडून पायाला मिळणारा दाब शरीराच्या वजनाच्या साधारण सव्वापट असतो, पळताना तो दोन ते तीन पटींवर जातो. आता ७० किलोच्या माणसाने ७ किलोचं जॅकेट घातलं असं धरा. चालताना प्रत्येक पावलाला साडेआठ-नऊ किलोचा जादा दाब येईल, पळताना अडीच पटीच्या हिशेबाने साडेसतरा किलोचा. मिनिटाला १६५ पावलं धरली तर अर्ध्या तासात जवळजवळ ५ हजार वेळा. जॅकेटवर छापलेला सातचा आकडा पळायला लागल्यावर खरा राहत नाही, हे विकत घेताना कुणी सांगत नाही. छातीला आणि फुप्फुसांना हा व्यायाम काही आठवड्यांत झेपायला लागतो. नडगीच्या हाडाला आणि टाचेमागच्या शिरेला जुळवून घ्यायला महिने लागतात. दुखणी येतात ती नेमकी या मधल्या काळात, आपण जोशात असताना.

मी स्वतः हे करून बसलोय. पहिल्याच दिवशी पट्टे सैल ठेवून पळालो. मी वर गेलो की जॅकेट वर, मी खाली आलो की ते अर्ध्या क्षणाने मागून येऊन खांद्यांवर थप्प. दोन किलोमीटरमध्ये गळपट्टीच्या हाडावरची कातडी सोलवटली. दुसऱ्या दिवशी पट्टे करकचून आवळले, तर श्वासच पुरेना. चालताना हा पेच जवळजवळ पडतच नाही.

मग जॅकेट आलं कुठून? त्याच्या प्रसिद्धीत 'मर्फ' या क्रॉसफिटच्या (दमछाक करणाऱ्या मिश्र व्यायामांची एक पद्धत) व्यायामाचा मोठा वाटा आहे. २००५ मध्ये अफगाणिस्तानात मारले गेलेले अमेरिकन नौदलाचे लेफ्टनंट मायकल मर्फी यांच्या नावाचा हा व्यायाम: एक मैल पळायचं, १०० पुल-अप्स, २०० पुश-अप्स, ३०० स्क्वॉट्स आणि पुन्हा एक मैल पळायचं, पुरुषांनी २० पौंडांचं, म्हणजे सुमारे ९ किलोचं जॅकेट घालून. पण त्यात पळणं किती? जेमतेम सव्वातीन किलोमीटर. जॅकेटचा खरा कस पुल-अप्सच्या बारवर लागतो. वजन छाती-पाठीवर सारखं वाटलेलं, हात मोकळे. जिने चढायला, पुश-अप्सला ते फार छान. सरावलेले धावपटू वॉर्म-अपमध्ये जॅकेट घालून दहा-दहा सेकंदांच्या धावा मारतात आणि मग ते काढून पळतात, तेही समजण्यासारखं आहे. रोज पाच किलोमीटर जॅकेटसकट पळण्यात मला तरी हशील दिसत नाही. वेग पडतो, ढांग आखडते, आणि सराव होतो तो त्या आखडलेल्या ढांगेचा.

सॅकची परंपरा मात्र सैनिकी आणि फार जुनी. रोमन लष्करावर लिहिणारा व्हेजिशियस सांगतो की नव्या शिपायांना ६० रोमन पौंडांपर्यंत, म्हणजे जवळपास २० किलो ओझं घेऊन चालवावं. तेही चालवावं, पळवावं नव्हे. सॅकचा दोष वेगळा. सगळं वजन पाठीमागे, म्हणून माणूस तोल सावरायला पुढे वाकतो आणि कंबर, मान धरते. उपाय साधा आहे: जड वस्तू वरच्या बाजूला, पाठीला चिकटून ठेवायची आणि कमरेचा पट्टा लावायचा. पुस्तकं जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळून भरली तर कोपरे टोचत नाहीत. पट्टे खांद्यात रुतून हाताला मुंग्या यायला लागल्या तर तिथेच सॅक उतरवायची, कारण दाब मज्जातंतूंवर पडतोय.

पायाच्या घोट्याला बांधायची वजनं या दोन्हींत मोजूच नका. पावलाशी बांधलेला एक किलो धडावरच्या एका किलोपेक्षा कितीतरी पट जास्त दमवतो आणि चालीची लयही बिघडवतो.

नवख्याने सुरुवात सॅकने करावी. शरीराच्या वजनाच्या पाच-सात टक्के, आठवड्यातून दोनदा, अर्धा तास. गुडघे किंवा पाठ आधीच कुरकुरत असेल तर डॉक्टरांना विचारून. आणि टेकडी चढणार असाल तर वजन म्हणून पाण्याच्या बाटल्या भरा. माथ्यावर पोचलात की पाणी झाडांना ओतायचं आणि गुडघ्यांवर खरा मार बसतो ती उतरण रिकाम्या पाठीने उतरायची.