पन्नास फटक्यांचा हातगुण

एप्रिल २०१९. आइस हॉकीच्या एनएचएल या उत्तर अमेरिकी लीगमध्ये टँपा बे लाइटनिंग संघाने साखळीतले ८२ पैकी ६२ सामने जिंकले होते. डेट्रॉइट रेड विंग्जच्या १९९५-९६ च्या विक्रमाशी ही बरोबरी होती. टँपाच्या निकिता कुचेरोव्हने एकट्याने त्या हंगामात, स्वतःचे गोल आणि इतरांच्या गोलांना दिलेली साथ मिळून, १२८ गुण मिळवले होते. आणि बाद फेरीच्या पहिल्याच मालिकेत कोलंबस ब्लू जॅकेट्सने या संघाला ४-० असं घरी पाठवलं.

पुढच्या वर्षी फेब्रुवारीत, संघांमधल्या खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत संपता संपता, टँपाचे सरव्यवस्थापक ज्युलियन ब्रीझबॉ यांनी दोन खेळाडू आणले. न्यू जर्सीकडून ब्लेक कोलमन आणि सॅन होजेकडून बार्कले गुड्रो. दोघेही तिसऱ्या फळीत खेळणारे. प्रत्येकासाठी नवोदितांच्या वार्षिक निवडीतल्या पहिल्या फेरीचा निवडहक्क, म्हणजे उद्याचा एखादा हिरा निवडण्याची संधी, हातची सोडली. शिवाय कोलमनसाठी नोलन फूट हा होतकरू मुलगाही दिला. ‘तिसऱ्या फळीसाठी एवढी किंमत?’ हा प्रश्न साहजिक होता. मला मात्र तो व्यवहार संभाव्यताशास्त्राचा सुंदर धडा वाटतो, आणि आजचा लेख त्याच्यासाठीच आहे.

आधी फळ्यांचं थोडं. सामन्याला गोलरक्षक सोडून १८ खेळाडू सज्ज असतात. त्यांत साधारणपणे १२ आघाडीचे, तिघातिघांच्या चार फळ्यांत. बर्फावर एका वेळी एकच फळी, तीही पाऊण मिनिटापुरती. कारण स्नायूंत आहे. पूर्ण वेगासाठी लागणारी तातडीची ऊर्जा फॉस्फोक्रिएटिन पुरवतं आणि त्याचा साठा दहाएक सेकंदांत बराचसा संपतो. तो पुन्हा भरायला बाकावर काही मिनिटं बसावं लागतं. त्यामुळे ६० मिनिटांच्या सामन्यात पहिली फळी कितीही थोर असली तरी जेमतेम वीस मिनिटं खेळते. उरलेला खेळ बाकीच्यांच्या खांद्यावर असतो, आणि त्यांना इंग्रजीत ‘डेप्थ’ म्हणतात.

आता मूळ मुद्दा. असा खेळाडू निवडायचा कसा? सरळ उत्तर वाटतं की कोणी किती गोल केले ते बघा. इथेच घोटाळा होतो.

आपल्याकडे ‘हातगुण’ हा छान शब्द आहे. अमक्या डॉक्टरला हातगुण आहे, तमकीच्या हाताने लावलेलं रोप जगतंच. हॉकीतही तेच म्हणतात, की याचा हात सध्या तापलाय, मारील तो पक (रबरी चकती) गोलात. हे तपासून पाहू.

ढोबळमानाने गोलावर मारलेल्या दहा फटक्यांपैकी एक आत जातो असं धरा. एका भांड्यात नऊ पांढरे मणी आणि एक लाल मणी टाका. डोळे मिटून एक काढा, रंग लिहून ठेवा, मणी परत टाका, ढवळा. असं पन्नास वेळा. लाल किती वेळा येईल? सरासरी पाच. पण दर वेळी पाचच नाही. बारावीत द्विपद वितरण शिकलेल्यांना प्रमाण विचलनाचं, म्हणजे सरासरीभोवतीच्या पसाऱ्याचं, सूत्र आठवेल: ५० × ०.१ × ०.९ चं वर्गमूळ, म्हणजे सुमारे २.१. तीन किंवा सात लाल मणी येणं अगदी नेहमीचं. आठ किंवा अधिक येण्याची शक्यता सुमारे १२ टक्के, दहा किंवा अधिक येण्याची सुमारे अडीच टक्के.

अडीच टक्के म्हणजे नगण्य वाटतं ना? २०२० मध्ये लीगमध्ये ३१ संघ होते. प्रत्येक संघातले तिसऱ्या आणि चौथ्या फळीतले मिळून सहा धरले, तर १८६ जण. समजा या सगळ्यांचं कौशल्य काटेकोर सारखं आहे आणि प्रत्येकाने पन्नास फटके मारले आहेत. तरीही त्यांतल्या बावीस-तेवीस जणांच्या नावावर आठ किंवा जास्त गोल लागतील आणि चार-पाच जण दहाचा आकडा गाठतील. मुदतीच्या आठवड्यात वर्तमानपत्रांत झळकतील ते हेच. त्यांच्या हाताला काही लागलेलं नसतं. भांडं तेच, मणीही तेच.

प्रत्यक्षात कौशल्य सगळ्यांचं सारखं नसतं, म्हणून गणित एक पायरी पुढे न्यावं लागतं. समजा, खऱ्या कौशल्याचा पसारा १० टक्क्यांच्या दोन्ही बाजूंना २ टक्क्यांचा आहे. पन्नास फटक्यांत नशिबाचा पसारा मघाचाच, पन्नासात २.१, म्हणजे सुमारे ४.२ टक्के. दोन्हींचे वर्ग करा: ४ आणि १८. दिसणाऱ्या फरकात कौशल्याचा वाटा ४ भागिले २२, म्हणजे सुमारे १८ टक्के. कोणी पन्नास फटक्यांत १६ टक्के यश दाखवलं, तर सरासरीहून वरच्या त्या ६ टक्क्यांतला १८ टक्के भागच धरायचा. उरतो सुमारे १.१. म्हणजे त्याच्याबद्दलचा आपला उत्तम अंदाज ११.१ टक्के, १६ नव्हे. हजार फटके झाल्यावर मात्र कौशल्याचा वाटा ८० टक्क्यांच्या वर जातो. फ्रान्सिस गाल्टन यांना १८८६ मध्ये आईवडील आणि मुलांच्या उंचीत मध्याकडे परतण्याची जी ओढ दिसली, तिचंच हे भावंड.

मग संघ काय मोजतात? गोलांऐवजी फटके. खेळाडू बर्फावर असताना आपल्या संघाने केलेले सगळे प्रयत्न मोजायचे, म्हणजे अडवलेले आणि चुकलेलेही. तसेच विरुद्ध संघाचे. या मोजणीला बफेलो सेबर्सचे माजी गोलरक्षक प्रशिक्षक जिम कॉर्सी यांच्या नावावरून ‘कॉर्सी’ म्हणतात. गोल दुर्मीळ, प्रयत्न मुबलक. दहा सामन्यांत खेळाडूचे स्वतःचे फटके वीसच्या आसपास असले तरी त्याच्या उपस्थितीतले दोन्ही बाजूंचे प्रयत्न दोनशेच्या वर जातात. नमुना मोठा की नशिबाचा आवाज खाली बसतो. पक कोणाकडे राहतो, कोणाच्या अर्ध्या मैदानात खेळ चालतो, हे यातून लवकर दिसतं.

नशीब मोजता येतं हे मान्य करायला माणसाला जड जातं, म्हणून त्याच्याभोवती विधी उभे राहतात. बाद फेरी चालू असेपर्यंत खेळाडू दाढी करत नाहीत. विभागाचा चषक जिंकला तरी अनेक कर्णधार त्याला हात लावत नाहीत, नाहीतर मोठा, लीगच्या विजेतेपदाचा स्टॅन्ली चषक हुकेल म्हणे. दाढ्या अंतिम फेरीतले दोन्ही संघ वाढवतात आणि त्यातला एक हरतोच, एवढं ध्यानात घेतलं तरी पुरे.

परत कोलमनकडे. आदल्या हंगामात ७८ सामन्यांत २२ गोल, त्या हंगामात न्यू जर्सीसाठी ५७ सामन्यांत २१. म्हणजे १३५ सामन्यांत ४३. हा काही पन्नास मण्यांचा खेळ नव्हे. टँपात आल्यावर ९ सामन्यांत गोल शून्य! फसवणूक झाली का? त्याच्या आधीच्या गतीने ९ सामन्यांत तीनच्या आत-बाहेर गोल अपेक्षित होते, आणि एवढी अपेक्षा असताना शून्य येण्याची शक्यता सहाएक टक्के असते. असं घडतं. ब्रीझबॉ यांनी जे विकत घेतलं होतं ते त्या नऊ सामन्यांनी बदललं नव्हतं. त्यात दोघांच्या करारांत आणखी एक हंगाम शिल्लक होता, आणि संघाच्या एकूण पगारांवर लीगने घातलेल्या ८ कोटी १५ लाख डॉलरच्या वेतनमर्यादेत कोलमन १८ लाखांत आणि गुड्रो सव्वानऊ लाखांत बसत होते.

मार्चमध्ये कोविडने हंगाम थांबला. ऑगस्टमध्ये टोरांटोत रिकाम्या मैदानात बाद फेरी सुरू झाली, समोर पुन्हा कोलंबस. पहिलाच सामना बरोबरीमुळे वीस मिनिटांच्या पाचव्या जादा कालखंडापर्यंत गेला. १५० मिनिटं २७ सेकंद खेळ झाल्यावर ब्रेडन पॉइंटने तो संपवला. कोलंबसचा सेथ जोन्स ६५ मिनिटांहून जास्त बर्फावर होता. अशा रात्री बाकावर कोण बसलंय, ताज्या पायांचे किती आहेत, हा शरीरशास्त्राचा रोकडा प्रश्न होतो. टँपाचा कर्णधार स्टीव्हन स्टॅमकोस दुखापतीमुळे त्या संपूर्ण बाद फेरीत तीन मिनिटंसुद्धा खेळू शकला नाही. यानी गूर्डच्या दोन बाजूंना कोलमन आणि गुड्रो, ही तिसरी फळी मात्र खेळत राहिली. कोलमनने २५ सामन्यांत १३ गुण मिळवले. सप्टेंबरअखेर डॅलसला हरवून टँपाने स्टॅन्ली चषक उचलला. २०२१ मध्ये पुन्हा. त्या अंतिम फेरीत माँट्रियलविरुद्ध, दुसरा कालखंड संपायला जेमतेम सेकंद असताना कोलमनने झेप घेऊन, आडवं पडता पडता मारलेला गोल मी कितीदा पाहिला असेन!

त्याच उन्हाळ्यात फळी विखुरली. वेतनमर्यादेपुढे इलाज नव्हता. गूर्ड नव्या सिअ‍ॅटल संघात, गुड्रो न्यूयॉर्क रेंजर्सकडे, कोलमन कॅल्गरीत. मार्च २०२२ मध्ये ब्रीझबॉ पुन्हा बाजारात होते. ऑटावाकडून आणलेल्या निक पॉलने टोरांटोविरुद्धच्या सातव्या, निर्णायक सामन्यात संघाचे दोन्ही गोल केले, निकाल २-१. शिकागोकडून पहिल्या फेरीचे दोन हक्क मोजून आणलेला ब्रँडन हेगल तिथे ५५ सामन्यांत २१ गोल करून आला होता. टँपात उरलेल्या २२ सामन्यांत त्याचे गोल झाले चार. पुढच्या पूर्ण हंगामात, ८१ सामन्यांत, तीस.